ताईचं मळकं विमान

ताईचं विमान मी पुसलं. ओल्या फडक्यानं, मन लावून, नाकापासून शेपटीपर्यंत. ती कामावरून यायची होती, दाजी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि जेवणाच्या टेबलावर वीतभर लांबीचं लढाऊ विमान काजळीनं माखून उभं होतं. एरवी मी कुणाच्या घरी इकडची काडी तिकडे करत नाही. त्याच दिवशी उपयोगी पडायची हुक्की का आली, कुणास ठाऊक!

ताई आली, तिनं टेबलाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कुणी?"

दाजींनी कपातला चहा न सांडता माझ्याकडे बोट दाखवलं.

"अगं, किती मळलं होतं!" मी म्हणालो.

"मळलं नव्हतं रे गाढवा, मळवलं होतं! महिनाभर मळवत होते मी!"

आता हे मला कसं कळावं? पण ताईचं म्हणणं, सख्ख्या भावाला तरी कळायला हवं होतं.

ताई दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देते. पांढरीफेक कवळी दुरूनही खोटी दिसते, म्हणून साठीच्या माणसाला ती साठीचेच दात देते: कडेला किंचित पिवळेपणा, फटीत चहाची झाक. दिवसभर असे दात घडवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन विमानं. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापायचा, कानशीनं घासायचा, चिमट्यानं चिकटवायचा, रंगवायचा. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टेसुद्धा ती रंगवते, आणि वरून काच बसली की ते कुणाला दिसतही नाहीत. शेजारीण दर वेळी विचारते, "नातवासाठी का हो?" ताईला नातू नाही. साहेब लोक चेंडूला काठीनं ढकलत मैलभर चालतात तो छंद, आणि माझ्या बहिणीनं विमान बांधलं की ती खेळणी! ऐकून माझं डोकंच फिरतं.

तरी शेजारीण परवडली. खरा सल होता तो परीक्षकाचा. शहरातले हौशी मॉडेलवाले वर्षातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवतात. तिथल्या परीक्षकाला सगळे 'विंग कमांडर' म्हणतात. गृहस्थाचं उड्डाण खिडकीजवळच्या सीटपलीकडे गेलेलं नाही, पण मिशा मात्र हवाई दलाच्या. गेल्या वर्षी हे महाशय ताईच्या विमानावर वाकले आणि म्हणाले, "सुबक आहे, पण फार स्वच्छ. बाईमाणसाचा हात दिसतो. घर आवरावं तसं विमान आवरलंय!"

ताई वर्षभर धुमसत होती. भाजी चिरताना मध्येच सुरी थांबायची. "आवरलंय म्हणे!" जी बाई पोटासाठी दात मळवते, तिला हा माणूस स्वच्छतेचं सर्टिफिकेट देतो! मग ती जुने फोटो धुंडाळत बसली. इंजिनाच्या धुराची काजळी कुठवर पसरते, मेकॅनिकच्या बुटांनी पंखावरचा रंग कुठे उडतो, पोटाखाली तेल कसं ओघळतं. काळ्या खडूची पूड करून तिनं ती काजळी मऊ ब्रशनं चढवली. ती पक्की करणारा वॉर्निशचा हात तेवढा राहिला होता, तो त्याच संध्याकाळी द्यायचा होता. मध्ये मी आणि माझं फडकं कडमडलो.

"परत करता येईल ना?" मी चाचरत विचारलं.

"उद्या सकाळी प्रदर्शन आहे," ती म्हणाली आणि कपडेही न बदलता कामाला बसली.

निजायच्या वेळेपर्यंत उजवी बाजू तेवढी झाली. डावी घाईत उरकली तर शेण फासल्यासारखी दिसेल म्हणाली, आणि तिनं ब्रश धुऊन ठेवले.

सकाळी हॉलमध्ये तिनं विमान मांडलं ते स्वच्छ बाजू पुढे करून. विंग कमांडर आले. "वा! यंदाही लख्ख! बाईमाणसाचा हात काही लपत नाही हो."

ताईनं विमान फिरवलं.

गृहस्थ वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. काजळीवरून, उडालेल्या रंगावरून त्यांची नजर हलेना. मिशीतून "अप्रतिम!" असं निघालंही. मग ताठ होत त्यांनी विचारलं, "ही बाजू मिस्टरांनी केली वाटतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाजींना बल्ब बदलायचा तर इलेक्ट्रिशियन लागतो! मी तोंड उघडणार, तोच ताई खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही. ही मळकी बाजू माझी. ती लख्ख बाजू माझ्या भावाची. हा काय, इथेच उभा आहे. पुरुषमाणसाचा हात नीट बघून घ्या."

आजूबाजूचे हसले. विंग कमांडर हसले नाहीत. कार्डावर 'अपूर्ण' असा शेरा मारून ते पुढे सरकले, आणि बक्षीस एका चिखल थापलेल्या विमानाला गेलं.

जिना उतरताना मीच तडतडत होतो. "अपूर्ण म्हणे! एका बाजूनंच त्याचे डोळे पांढरे झाले ते विसरला का? तक्रार करू आपण!"

"हळू," दाजी म्हणाले, "वर ऐकू जातंय."

"जाऊ दे!"

ताई खोका छातीशी धरून पुढे चालली होती. फाटकापाशी मी तिला गाठलं. "ताई, त्याचं सोड. माझ्यावरचा राग तरी गेला ना?"

"त्याच्यावरचा वर्षभर पुरला, तुझ्यावरचा तर आत्ता कुठे सुरू झालाय."