पावावरची चकाकी

पाववाल्यांना कुणी विचारलं, की हा पाव ताजा आहे ना हो, तर ते त्या माणसाकडे अशा नजरेने पाहत, की बिचारा पुढच्या खेपेला त्या बाजूने जातानाही मान खाली घालून जाई. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. उत्तर कायम ठरलेलं: "डोळे झाकून खा." आणि खरंच, गल्लीतले लोक वर्षानुवर्षं त्यांचा पाव डोळे झाकून खात आले होते. भट्टीसमोर उभं राहून त्यांचे कान तांबूस झाले होते, हातावरचे केस कधीच जळून गेले होते. पाव बाहेर काढायची वेळ ते घड्याळात न बघता वासावरून सांगत. अशा माणसाला थोडा गर्व असला तर तो समजून घ्यावा. त्यांचा थोडा जास्तच होता, एवढंच.

त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. नेमकेपणा तिच्याही रक्तात होता, फक्त तिला त्याचा गाजावाजा आवडत नसे. तिची मुलगी मुंगी. हे नाव आजोबांनीच ठेवलेलं, कारण रांगायला लागल्यापासून घरात साखर कुठेही लपवा, पोर बरोबर तिथे पोचायची. ही मुंगी वर्षाची असताना तिला पहिल्यांदा उकडलेलं अंडं भरवलं आणि तासाभरात तिचे ओठ सुजले, अंगभर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हिला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. अंडं द्यायचं नाही, अंडं घातलेलं काही द्यायचं नाही, अंड्याचा हात लागलेला चमचासुद्धा नको. लेकीने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा पाववाले हसले.

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती," ते म्हणाले. "थोडं थोडं देत जा, पोटाला सवय होईल."

हे वाक्य लेकीच्या कानात जाऊन बसलं ते बसलंच. पुढे पाववाल्यांनी ते चट्टे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तोंड बंद केलं, पुन्हा कधी तसं म्हणाले नाहीत. पण माणूस काय बोलायचा थांबला हे कुणी लक्षात ठेवत नाही, काय बोलला होता ते ठेवतात.

मुंगी तीन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. ती आईबरोबर दुकानात यायची आणि काचेच्या कपाटासमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. हात लावायचा नाही, असं तिला शिकवलं होतं. आत बनपाव, बिस्किटं, केकचे तुकडे, आणि बाहेर ही, जिभेने ओठ चाटत, एक शब्दही न बोलता. साऱ्या गल्लीची पोरं आपल्या हातचं खातात आणि आपलीच नात उपाशी उभी राहते, हे आजोबांना बघवेना.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी बेकरीत एकट्या मुंगीसाठी बन करायचा घाट घातला. टेबल उकळत्या पाण्याने धुतलं. नवं पातेलं आणलं, नवा साचा आणला. मैद्याचं नवं पोतं फोडलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, की एवढी उस्तवार माझ्या बाळंतपणात केली असतीत तर बरं झालं असतं. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, साखर, लोणी. अंड्याचा थेंब नाही. बन असे फुगले की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. नव्या फडक्यात बांधून ते गरम गरम, तुकतुकीत बन घेऊन लेकीच्या घरी गेले. तिने विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, "डोळे झाकून खा."

मुंगीने अर्धा बन खाल्ला. मग ती मान खाजवायला लागली. मग ओठ सुजले, ती खोकायला लागली, ओकली आणि तिचा आवाज घोगरा झाला. लेकीने कमरेच्या पाऊचमधून डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेलं इंजेक्शनचं पेन काढलं, पोरीच्या मांडीला लावून दाबलं, फोन केला आणि रुग्णवाहिका येताच तिला घेऊन ती आत बसली. पाववाले मागून धावत आले ते हातात उरलेले बन तसेच घेऊन. ते फडकं खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत पोर सावरली, पाणी मागायला लागली. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर लेकीने हलक्या आवाजात विचारलं, "बाबा, खरं सांगा. थोडं घातलंत का? सवय व्हावी म्हणून?"

त्यांनी शपथ घेतली. तिची घेतली, नातीची घेतली. लेकीने ऐकून घेतलं. एकीकडे शपथ घेणारा बाप, दुसरीकडे सुजलेलं लेकरू. आईला जे समोर दिसत होतं त्यावर तिने विश्वास ठेवला, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, भांडण मिटतं तरी. लेक पूर्वीसारखीच येत राहिली, पण मुंगीचा डबा बरोबर, पाणीसुद्धा बरोबर. पोरीला आजोबांजवळ एकटं सोडून ती शेजारच्या खोलीतही जात नसे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर तोंड लेकराचं पोळलं होतं. पाववाले नातीला गोष्ट सांगत आणि लेक समोर बसून दोघांच्या हातांकडे बघत राही.

ही नजर त्यांना खात होती. अंडं आलं कुठून? ते यीस्टवाल्याकडे जाऊन आले, गिरणीत जाऊन आले. लोणीवाल्याशी तर असं भांडले की त्याने दोन आठवडे लोणीच पाठवलं नाही. रात्री आढ्याकडे बघत मनातल्या मनात तो बन पुन्हा पुन्हा करत. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, साखर, लोणी. कुठेच चूक सापडेना.

सापडली ती अगदीच अनपेक्षितपणे. एका सकाळी भट्टीतून बनची थाळी निघाली होती आणि पाववाले दूधवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. त्यांच्या हातात ब्रश होता. हात वितळलेलं लोणी गरम बनवरून फिरवत होता, चकाकी आणत होता, जसा तो रोज फिरवतो, कुणी न सांगता. आणि याच ब्रशने घटकाभरापूर्वी मोठ्या पावांवर फेटलेलं अंडं लावून झालं होतं. मधे काय, तर ॲप्रनला पुसला होता.

ब्रश धुवायचा तो आठवड्याच्या शेवटी. त्यांच्या उस्तादाने तसंच शिकवलं होतं, रोज धुतला तर केस झडतात म्हणून. आणि चकाकी म्हणजे काय पाव करणं नव्हे. पाव भट्टीत गेला की करणं संपलं. त्यानंतर हात आपला फिरतो, ते काही कुणी मोजत नाही. त्या दिवशीही त्यांनी पोतं बदललं, पातेलं बदललं, साचा बदलला, आणि बन बाहेर काढल्यावर खुंटीवरचा जुना ब्रश घेऊन, आनंदाच्या भरात, नातीच्या बनवर हात फिरवला होता. कच्च्या अंड्याचा.

दूधवाला बोलत होता तो बोलतच राहिला. पाववाले ॲप्रनसकट निघाले ते थेट चष्म्याच्या दुकानात. लेक यंत्रावर काच घासत होती.

"ब्रश होता," ते म्हणाले.

तिने यंत्र बंद केलं. त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, एकदा उलटं आणि एकदा सुलटं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही घातलं नव्हतंत."

"घातलं नव्हतं. लावलं." आणि ते तिथेच, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून, रडले.

लेकीने त्यांना पाणी दिलं. तिचेही डोळे भरले होते, कारण बाप खोटं बोलला नव्हता, आणि हे तिला मनापासून हवं होतं. पण मग ती जे बोलली ते पाववाल्यांना आयुष्यभर पुरलं. "बाबा, मुद्दाम केलं असतंत तर तुम्हाला बजावता तरी आलं असतं. तुमच्या हाताला मी कसं बजावू?"

डबा येतच राहिला, पाणीही.

त्यानंतर पाववाल्यांनी घरच्या स्वयंपाकघरात एक कप्पा रिकामा केला आणि सगळं निळ्या रंगाचं आणून ठेवलं: निळं पातेलं, निळा साचा, निळ्या दांड्याचा ब्रश, निळ्या मुठीचं पातं. घरात अंडं आणायचंच बंद केलं. बायको म्हणे, या कप्प्याला माझाही हात लागलेला चालत नाही, सवत आणली असती तर ती तरी बोलली असती. दुकानातही काचेवर त्यांनी कशात काय आहे ते लिहून लावलं. आणि कुणी विचारलं तर 'डोळे झाकून खा' म्हणायचे ते "काय चालत नाही तुम्हाला?" असं विचारू लागले. एका पोक्त शिक्षिकेला म्हातारपणी अचानक तिळाने घसा सुजायला लागला होता, ती लाजून कुणाला सांगत नसे. तिने हळूच सांगितलं, तर पाववाले तिला म्हणाले, बाई, लाजायचं काय त्यात, तीळ कुठे कुठे असतात ते मी सांगतो, बसा.

मुंगी मोठी होत होती. कुणी काही पुढे केलं की फौजदाराच्या थाटात विचारायची: यात अंडं आहे का, भांडं कुठलं, हात धुतले का. आजोबांनाही सोडायची नाही. तेही सरळ उभे राहून जबाब द्यायचे. खायची मात्र डब्यातलंच.

तिच्या सातव्या वाढदिवसाला लेक स्वतःहून म्हणाली, बाबा, केक तुम्ही करा, निळ्या भांड्यांत. पाववाले त्यावर फक्त "बरं" म्हणाले, पण रात्रभर त्यांना झोप आली नाही.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळचं काम उरकून ते बेकरीतून घरी आले, अंघोळ केली, शर्ट बदलला आणि कामाला लागले. केक सुरेख झाला. दुपारी लेकीच्या घरी टेबलावर तो ठेवला तेव्हा शेजारची पोरं एकमेकांना ढकलत जवळ आली. मुंगीने तीन प्रश्न विचारले, आजोबांनी तीन उत्तरं दिली. मेणबत्त्या लागल्या. मुंगीने फुंकर घातली, सुरी हातात घेतली. पाववाल्यांचा हात सवयीने पँटच्या मागच्या खिशाकडे गेला आणि तिथे थांबला.

खिशात बेकरीतलं चपटं पातं होतं. साच्यातून केक सोडवायचं. शर्ट बदलला होता, पँट तीच होती. पातं स्वच्छ दिसत होतं. पण त्यांनी केक सोडवला कशाने? घरच्या निळ्या पात्याने की याने? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. त्या वेळी बायको काहीतरी विचारत होती आणि ते तिच्याशी बोलत होते. हाताने काय केलं ते त्यांना आठवेना.

निळंच घेतलं असणार, मन म्हणत होतं. चार वर्षांनी लेकीने विश्वास टाकलाय, पोरं बघताहेत, पोर सुरी धरून उभी आहे. एक शब्द न बोलता त्यांनी ते पातं खिशातच राहू दिलं असतं तर जगाला कळलं नसतं.

"मुंगे, थांब," ते म्हणाले. "हा केक तू खायचा नाही. मला खात्री नाही."

त्यांनी पातं काढून टेबलावर ठेवलं आणि काय झालं असेल ते सांगितलं. शेजारीण म्हणाली, की एवढ्याने काय होतंय, धुतलेलं तर दिसतंय. पाववाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. आपलंच जुनं तोंड समोर बसून बोलतंय असं त्यांना वाटलं. मुंगीने सुरी खाली ठेवली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून रडली. त्या रडण्यापुढे पाववाले कानकोंडे होऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत कबूल केलं होतं, की आपल्याला माहीत नाही.

लेकीने केक उचलून आत नेला. परत आली ती एक भलंमोठं कलिंगड घेऊन. टेबलावर आपटलं, चाकूने वर भोकं पाडली आणि त्यात सातही मेणबत्त्या खोचल्या. पोरं हसायला लागली. मुंगीने डोळे पुसत विचारलं, यात अंडं आहे का? आई म्हणाली, कोंबडीला विचारून येते. तेव्हा मुंगीही हसली आणि तिने दुसऱ्यांदा फुंकर घातली.

पोरं गेल्यावर लेक ताटल्या धुवायला लागली, पाववाले पुसायला. मग ते म्हणाले, "माझ्या हाताचा काही भरवसा नाही बघ. तू म्हणाली होतीस ते खरं."

लेकीने हात पुसले. कमरेचा पाऊच सोडला, जो ती अंघोळीला जातानाही दाराशी लटकवायची, आणि बापाच्या कमरेला बांधला. पट्टा पुरेना, तो सैल करून पुन्हा बांधला.

"रविवारी तिला तुमच्याकडे सोडून जाणार आहे," ती म्हणाली. "दिवसभर."

लेकीने ड्रॉवरमधून सुई नसलेलं सरावाचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. मुठीत असं धरायचं, टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरायचं, मग लगेच रुग्णवाहिकेला फोन. त्यांनी स्वतःच्या मांडीवर दाबून पाहिलं.

"पुन्हा," लेक म्हणाली.

त्यांनी पुन्हा केलं. मुंगी कलिंगडाची फोड खात शेजारी येऊन उभी राहिली आणि आजोबांचं चुकतंय का ते बारकाईने बघायला लागली.

"अजून एकदा, बाबा. तुम्ही कुणाशी बोलत असाल तरी हाताने आपलं आपण केलं पाहिजे."