तेलात उतरलेलं पाणी

ड्रायव्हर वाहेदने इंजिनमधलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. पट्टीवर काळं तेल नव्हतं, दुधाळ चहासारखं काहीतरी चिकटलं होतं. इंजिनच्या तेलात पाणी उतरलं होतं.

नेकनूरकडच्या एका दूध संघाचा हा ट्रक. दुष्काळात गोठे रिकामे झाले, दूध आटलं, तेव्हा संघाने त्याच्यावर टाकी चढवून वस्त्यांना पाणी पोचवायला सुरुवात केली. इंजिन इतकं पळालेलं, की किलोमीटरचं मीटर एकदा पुरतं फिरून पुन्हा शून्यावर आलेलं. तरी ते कधी खोलावं लागलं नव्हतं आणि याचा वाहेदला भलता तोरा होता. रोज पट्टी बघायची, तेल बोटांत चोळून वास घ्यायचा, हवेच्या फिल्टरमधली धूळ झटकायची, लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता जरा वेळ फिरत ठेवायचं. बॉनेटला दुसऱ्याचा हात लागला तर गडी अंगावर धावून जायचा. स्वतःच्या दुखऱ्या दाढेची मात्र त्याने कधी एवढी काळजी घेतली नाही.

संघाचे चेअरमन मोहनराव ट्रकवर आधीच खार खाऊन होते. इंजिन खोलायची वेळ आली की ट्रक भंगारात आणि वाहेद घरी, हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. त्यात आज टँकर आला नाही म्हणून माळावरच्या वस्तीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन संघाच्या आवारात येऊन बसलेल्या.

“एक खेप मार बे. मंग बघू,” मोहनराव म्हणाले.

“न्हाई मारनार. ह्या तेलावर पळवली तर बेरिंगं जातील, क्रँक जाईल. मंग समदा उन्हाळा बसा बोंबलत.”

“पन पानी आलं कुठून?”

तेच वाहेदला उमगत नव्हतं. पाणी तेलात जाऊ न देणारं हेडचं गॅसकेट फुटलं असेल, तर इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायला हवं. कालपासून त्यात थेंब घातला नव्हता, तरी ते तोंडापर्यंत भरलेलं. पण नुसत्या अंदाजावर इंजिन चालू करायची त्याची छाती होईना. नक्की कळलं नाही, तर खोलणं आलंच.

“कुनी हात लावला गाडीला? बोला की!” मोहनराव बायांवर ओरडले.

मग वस्तीतली सगळ्यात म्हातारी बायनाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. “म्या पाजलं त्याला पानी. काल.”

“कुठं घातलं, मावशी?” वाहेदने विचारलं.

तिने तेल घालायच्या तोंडाकडे बोट केलं. “लई तापलं व्हतं रं ते. तू रोज पाजतूस, काल इसरलास. म्हनलं, माझ्या वाट्याचा तांब्या द्यावा. मुकं ते, मागंल कसं?”

वाहेदला कालची दुपार आठवली. तेल कमी दिसलं म्हणून त्याने झाकण काढून भर घातली, तेवढ्यात टाकीच्या नळीवरून बायांची जुंपली आणि झाकण तसंच सोडून तो तिकडे धावला. परत आल्यावर न बघताच लावून टाकलं. त्याला स्वतःचाच संताप आला.

“अक्कल हाय का, म्हातारे!” मोहनराव तिच्या अंगावर गेले.

“तिला कावून बोलता?” वाहेद मधे पडला. “झाकन मी उघडं टाकलं व्हतं. चूक माझी हाय.”

मोहनरावांना बहुतेक हेच हवं होतं. “चालू झाली तर आजची खेप मार,” ते म्हणाले. “सांच्याला चावी माझ्याकडं दे.”

वाहेद ट्रकखाली शिरला. खालचा बोल्ट काढला तसं आधी निर्मळ पाणी पडलं, मागून दुधाळ तेल. नवं तेल भरून, इंजिन जरासं फिरवून, तेही सोडून दिलं. तेलाचा फिल्टर बदलून पुन्हा भरलं. मग त्याने चावी फिरवली. इंजिन धडधडलं, पण तेलाच्या दाबाचा काटा शून्यावरच. काटा हलला, चढला, नेहमीच्या जागी जाऊन थांबला. वाहेदने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तो चक्क रडला.

दुपारी वस्तीवर टाकी रिकामी झाली तरी बायनाबाई लांबच उभी होती, ट्रकजवळ यायची तिची हिंमत होत नव्हती. इंजिन निवल्यावर वाहेद तिला हाताला धरून घेऊन आला आणि रेडिएटरचं झाकण काढून दाखवलं.

“मावशी, पानी हितं घालायचं. निवल्याबिगर झाकन काढायचं न्हाई. नीट बघून ठिवा,” तो म्हणाला. “उद्या माझ्या जागी येनाऱ्या नव्या डायवरला तुमीच दाखवा.”