उजव्या पायाचा गियर

आमच्या लष्करी वर्कशॉपचा नियम होता: ज्याने नट आवळला, त्यानेच गाडी आधी रस्त्यावर काढायची. रोड टेस्टच्या फॉर्मवर सही त्याचीच. पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होती. मी हवालदार मेकॅनिक, गाव भाजे. नाईक दत्ता औंढ्याचा. एकाच तालुक्याचे, त्यामुळे आमची भांडणेही घरच्यासारखी.

त्या सकाळी मला ताप होता. ट्रकचे ब्रेक मी बसवले होते. दत्ता म्हणाला, "उस्ताद, तुमी पडा. मी मारतो चक्कर." ०६४० ला रेडिओ बोलला, "दरड आली. गाडी दिसत नाही. ओव्हर."

दत्ताच्या घरी वडिलांची जुनी विलायती मोटरसायकल होती. रजेवर आला की तो तीच फिरवायचा. "पेन्शनीत गेलो की रोज हिच्यावर लोणावळा," हे मेसमध्ये ऐकून आमचे कान किटले होते. तो दरडीत गेल्यावर गाडी अकरा वर्षे गोठ्यात उभी राहिली. मी निवृत्त होऊन आलो, तेव्हा त्याची बायको सुमनवहिनी म्हणाल्या, "भावजी, गाडी चालू करा. मला तिच्यावर रोज कामाला जायचंय." त्या लोणावळ्यात हॉटेलच्या लाँड्रीत आहेत. माहेरी भावाची बाईक चालवायच्या.

चार महिने गेले. सहा व्होल्टचा दिवा म्हणजे देवघरातली समई. तो काढून बारा व्होल्टची वायरिंग केली. नवे ब्रेक शू, तेलाला फिल्टर. एका गोष्टीला मात्र हात लावला नाही. त्या गाडीला गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. आजच्या गाड्यांच्या नेमके उलटे. उजव्या पेडलवर दत्ताचा बूट घासल्याची खूण होती. ते पेडल हलवायला मन होईना.

पहिल्या दिवशी ०७१० ला वहिनी पुढे, मी मागे. औंढ्याच्या उतारावर म्हशी आडव्या आल्या. वहिनींनी सवयीने उजवा पाय दाबला. गियर पडला, गाडी उसळली. हाताचा ब्रेक लागला म्हणून वाचलो; म्हशींची शिंगे वीतभर अंतरावर होती.

"ब्रेकच न्हाई लागला, भावजी."

"चूक माझी. नियम मोडला. आधी मी एकट्याने चालवायला हवी होती."

आठ दिवस लागले. इंजिनामागून आडवी सळई टाकून गियर डावीकडे नेला, ब्रेक उजवीकडे. दत्ताचे पेडल मात्र तेच ठेवले, फक्त डाव्या बाजूला. मग एकट्याने लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो आणि वहिनींच्या दारात इंजिन बंद केले. अकरा वर्षे अडलेले वाक्य तिथे सुटले.

"वहिनी, त्या दिवशी ट्रकची पाळी माझी होती."

"ठावं हाय. निघायच्या आदी फोन केलता त्यांनी. म्हनले, उस्तादला ताप हाय, त्यांची गाडी मी बघतो."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तुमी कवा बोलताय, त्याची वाट बघत व्हते. लय उशीर केला, भावजी."

मला रडू आले. लपवले नाही. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि स्वतः गाडीवर बसल्या.

आता दर रविवारी मी औंढ्याला जातो. चेन ताणतो, टॅपेट बघतो, तेल बघतो. मग उतारापर्यंत एक चक्कर मारून येतो आणि अंगणात, कोणी समोर नसले तरी, रिपोर्ट देतो: नाईक दत्ता, गाडी तयार आहे. टेस्ट मीच घेतली.