मोंबासाचा मुराळी

जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत मिळून माझ्या धाकट्या मामांइतका धाडसी माणूस झाला नाही, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. फक्त मामा असतील त्या खोलीत कोळी नसावा. डिंगोऱ्याच्या शिवारात बिबट्या उतरला तेव्हा सगळा गाव दारं लावून बसला होता आणि मामा नुसती काठी घेऊन वासरू सोडवायला गेले होते. भरल्या विहिरीत काठावरून उडी घेणं, बिथरलेल्या बैलाची शिंगं धरणं, घरात निघालेला नाग शेपटीला धरून बांधापलीकडे सोडून येणं, ही सगळी कामं ते सुपारी कातरावी इतक्या सहज करत. पण भिंतीवर हरभऱ्याएवढा कोळी दिसला की हा सहा फुटी गडी उठायचा, पायताण न घालता बाहेर जायचा आणि अंगणात पाठ फिरवून उभा राहायचा. गेला, असं घरातून कुणी सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नसे. गेला म्हणजे कुठे गेला, हा त्यांचा पुढचा प्रश्न असे, आणि त्याचं पटेल असं उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही.

बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं मामा कोळ्याचं नाव घेत नसत. "त्यो हाय काय?" एवढंच उंबऱ्याबाहेरून विचारत. मी तेव्हा शिनोलीला शाळामास्तर होतो. मामा येणार असं पत्र आलं की माझी बायको पदर खोचून, बांबूला केरसुणी बांधून आढ्याखालची जळमटं काढायला लागे. घटस्थापनेच्या आधी निघत नाही एवढी घाण मामांच्या एका मुक्कामापायी निघे, आणि शेजारच्या बायका तिला, यंदा मामा कधी यायचेत, म्हणून मुद्दाम विचारत. पिंपरी पेंढारच्या एका लग्नात तर मोठीच फजिती झाली. मामा मानाचे पाहुणे. मांडवात त्यांना आहेराचा फेटा बांधणं चाललं होतं आणि नेमका समोरच्या तक्क्यावर 'त्यो' दिसला. मामा उठले ते तडक रस्त्याला लागले. फेट्याचं दुसरं टोक बांधणाऱ्याच्या हातात. तो बिचारा ते धरून मागोमाग धावतोय. पाहुणे मानपानावरून रुसले असं समजून मुलीकडची चार पांढऱ्या मिशांची माणसं हात जोडत वेशीपर्यंत गेली. मामांनी खरं कारण सांगितलं नाही. रुसका पाहुणा म्हणवून घ्यायला त्यांची हरकत नव्हती, भित्रा म्हणवून घ्यायला होती.

अशा माणसावर आफ्रिकेला जायची वेळ आली. त्यांची एकुलती एक लेक शांता. ती चार वर्षांची असताना मामी गेल्या, आणि मामांनी दुसरं लग्न न करता तिला वाढवलं. तिच्या वेण्यासुद्धा तेच घालत, बैलाच्या कासऱ्याला घालावा तसा घट्ट पीळ घालून. तिचा नवरा मोंबासाच्या बंदरात कारकून होता. लग्नानंतर वर्षभरात तिचं पत्र आलं, की दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज, आणि लेकीला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. एरवी हे काम भावाचं; शांताला भाऊ नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जाऊन तिला घेऊन येतो, असं मी म्हटलं. मामांनी आधी सुटकेचा श्वास सोडला, कारण आफ्रिकेत 'ते' भाकरीएवढे असतात अशी बातमी जुन्नरच्या बाजारात त्यांच्या कानावर आली होती. पण तिसऱ्या दिवशी ते डिंगोऱ्याहून शिनोलीला आले आणि अंगणातूनच म्हणाले, "मास्तर, पोरीला आय न्हाई. बोटीवरनं तिला बाप दिसला पायजे. तुमी फकस्त संगं चला."

निघण्याआधी माझ्या आईनं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, एक अट घातली. पोरीला दिवस गेलेत, तेव्हा ती मोकळी होईपर्यंत बापाच्या हातून किंवा त्याच्या सांगण्यावरून मुंगीसुद्धा मरता कामा नये. मामांनी बरोबर घेतलेल्या तीन केरसुण्या मुकाट्यानं ठेवून दिल्या. ह्यातून मार्ग काढला तो जुन्नरच्या पेठेतल्या ओळखीच्या एका चाचांनी. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवायचा धंदा, आणि कागद वाळवायच्या खोल्यांत कोळी ठरलेलेच. चाचा म्हणाले, मारायचं कशाला, वरून काचेचा पेला पालथा घाला, खालून कागद सरकवा आणि उचलून बाहेर सोडून या. त्यांनी स्वतः बनवलेल्या जाड कागदाचे दोन तावही दिले. मामांना ही युक्ती इतकी पटली की ती त्यांनी मला रस्ताभर चार वेळा समजावून सांगितली. फक्त काचेचा पेला प्रवासात फुटेल म्हणून त्यांनी अर्धा डझन पितळी फुलपात्रं घेतली.

ह्या एका शहाणपणानं पुढचा सगळा घोटाळा केला. बोटीवर तिसऱ्याच दिवशी वळकटीजवळ एक किडकिडीत कोळी निघाला. मामांनी डोळे मिटून त्यावर फुलपात्र पालथं घातलं, आणि तिथेच सगळं थांबलं. पितळेतून आतलं दिसत नाही. तो कुठे बसलाय ते कळल्याशिवाय कागद कुठल्या बाजूनं सरकवायचा? तीन दिवस ते फुलपात्र तसंच राहिलं आणि डेकवरची माणसं देवस्थानाला घालावा तसा त्याला वळसा घालून जाऊ लागली. शेवटी मी ते उचललं. खाली काहीच नव्हतं. मला वाटलं मामांना हायसं वाटेल, पण त्यांचा चेहरा आणखी उतरला. आता तो नक्की कुठे आहे, ह्या विचारानं त्यांनी उरलेला प्रवास उभ्यानं केला.

मोंबासाच्या धक्क्यावर शांता उभी होती. वडील स्वतः येणार नाहीत, दुसऱ्या कुणाला पाठवतील, असं तिनं नवऱ्याला ठाम सांगून ठेवलं होतं. बोटीच्या कठड्याशी तिला वडिलांचा फेटा दिसला आणि ती तिथेच रडायला लागली. मामा खाली उतरले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि, वाळलीस, एवढंच म्हणाले. ती चांगली गरगरीत झाली होती.

जावईबापूंचं घर बैठं, झावळ्यांच्या छपराचं, आणि बाजारातली बातमी अगदीच खोटी नव्हती. भाकरीएवढे नसले तरी पुरीएवढे कोळी भिंतीला चपटे चिकटून बसलेले असत. दोन दिवसांत मामांची सहाही फुलपात्रं पालथी झाली, मग शांताच्या वाट्या झाल्या, मग पातेली. चौथ्या दिवशी जावईबापूंनी नारळाच्या करवंटीत आमटी घेतली. फार सालस माणूस. मामा मात्र परतीच्या बोटीचे दिवस मोजत होते. लेकीला घेऊन आठ दिवसांत निघायचं, एवढ्यावर त्यांनी सगळा धीर टिकवून धरला होता.

पाचव्या दिवशी शांताच्या पायांवर सूज दिसली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, रक्तदाब वाढलाय, हिला बोटीवर चढवू नका, सोसायचं नाही. तिनं आमच्यासमोर धीर धरला, पण आत जाऊन भरलेली ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं काढून परत फळीवर ठेवू लागली. पहिलटकरीण, परका मुलुख, घरात बाईमाणूस नाही. मामा दारात उभे राहून ते बघत होते. तिच्या डोक्याच्या वर, भिंतीला, एक पुरीएवढा बसलेला होता. मी मनात म्हटलं, आता हे अंगणात जाणार. मामा आत गेले. ट्रंकेतलं शेवटचं लुगडं त्यांनी नीट घडी करून फळीवर ठेवलं आणि भिंतीकडे पाठ करून खाली बसले. "तुला माह्येरी न्हेता येत न्हाई," ते म्हणाले, "तर माह्येर हितं ऱ्हाईल. मास्तर जात्याल माघारी."

मला शाळा होती, मी परतलो. पुढचे चार महिने मी आणि आई पोस्टमनची वाट बघत होतो. अखेर जावईबापूंचं पत्र आलं: मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत, मामासाहेब तिला मांडीवर घेऊन बसलेले असतात. आईनं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मग पहिल्यांदा पोटभर जेवली. मलाही त्या दिवशी वर्गात कुणाला शिक्षा करावीशी वाटली नाही.

मामा परत आले ते धीट होऊन, असा गावाचा समज होता. मीही तसंच धरून चाललो होतो. शिनोलीला आले आणि उंबऱ्याबाहेरून त्यांनी विचारलं, "त्यो हाय काय?" बायकोनं केरसुणी उचलली. मी त्यांच्याजवळ अंगणात जाऊन बसलो आणि विचारलं, मग तिथे इतके महिने कसे काढले? भीती मोडली होती का? त्यांनी पानाला चुना लावला. "कसली मोडतीय," ते म्हणाले. "रोज भ्यालो. दार उघडंच व्हतं, मास्तर. पर पोरगी आत व्हती न्हवं."

मामांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझी लेकही आता सासरी आहे, लांब, दुसऱ्या प्रांतात. मला कोळ्यांचं भय वाटत नाही. दुसऱ्या बऱ्याच गोष्टींचं वाटतं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी पत्रं छोटी लिहितो. तिच्याकडे जायचं ठरलं की मामांची फार आठवण येते. त्यांच्यासारखं भिंतीकडे पाठ करून बसणं मला जमेल की नाही, मला माहीत नाही.