मुँहदिखाईशिवाय नंबर नाही

कुणाचा मोबाइल नंबर बदलताना तुम्हाला कधी भीती वाटली आहे का? मला रोज वाटते. नोएडातल्या एका कंपनीत मी सगळ्यांची ऑनलाइन खाती सांभाळते. नाव, विभाग, फोन, सगळं एका स्क्रीनवर. बदल करून ‘सेव्ह’ दाबलं की कुणाचं तरी काहीतरी उघडतं, नाहीतर बंद होतं. आमच्या यांची नोकरी सुटल्यापासून घर माझ्या पगारावर आहे, म्हणून भीती जरा जास्तच. असे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून साठत जातात.

*

शेजारच्या टेबलावर त्यागी बसतो. तो कशालाच घाबरत नाही. ऑफिसातल्या नेहाचं लग्न झालं, तसं त्याने तिचं आडनाव बदललं. त्याबरोबर तिचं लॉगिनही आपोआप बदललं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सुट्टीवरून आलेली नेहा दुपारपर्यंत जुन्या नावाने आत शिरायचा प्रयत्न करत होती.

“ससुराल ने सिर्फ़ सरनेम बदला था,” ती म्हणाली, “आपने तो मुझे ही मिटा दिया.”

*

मग एचआरची शीट आली. सगळ्यांची नवी पदं भरायची होती, विभागाचा रकाना रिकामा होता. त्यागीला वाटलं, रिकामा म्हणजे आहे तसं राहू दे. सिस्टिमला वाटलं, पुसून टाक! आणि विभाग नसला की कार्डाने दार उघडत नाही. अकाउंट्सची सगळी मंडळी जेवून आली आणि डबे हातात घेऊन जिन्यात उभी राहिली.

“मॅडम, अब हम किसके हैं?” त्यांच्या हेडने विचारलं. सगळे हसले. मी एकेकाचा विभाग परत भरत बसले.

*

आमच्याकडे दोन अमित शर्मा. एकाने राजीनामा दिला आणि त्यागीने दुसऱ्याचं खातं बंद केलं. हा दुसरा बिचारा दिल्लीतल्या मुनिरकाहून आला, तर ना मेल उघडेना, ना गेट. त्याने तिथूनच बायकोला फोन करून सांगितलं की नोकरी गेली. मी धावत खाली गेले, चूक झाली म्हणून समजावलं.

नंतर कितीतरी दिवस तो सकाळी माझ्या टेबलाशी थांबायचा. “आज भी हूँ, मॅडम?”

*

तेव्हापासून मी एक नियम केला. फोन नंबर बदलायचा असेल तर माणसाने कार्ड घेऊन माझ्यासमोर यायचं, नाहीतर व्हिडिओवर तोंड दाखवायचं. इकडे नव्या सुनेचं तोंड बघतात त्याला मुँहदिखाई म्हणतात. ऑफिसने माझ्या नियमाला तेच नाव दिलं. तोंड बघणाऱ्याने शगुन, म्हणजे भेट द्यायची असते, म्हणून शगुन काय देणार, असंही मला विचारतात.

*

एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून डायरेक्टर मेहरासाहेबांचा फोन आला. आवाज तोच, मध्येच घसा खाकरणं तेच, ‘साळवीजी’ म्हणणंही तेच. करोल बागेत फोन चोरीला गेलाय, हा नवा नंबर माझ्या खात्यात घाला, आत्ता. तो घातला की पासवर्ड बदलायचा कोड त्याच नंबरवर जाणार, आणि साहेबांच्या खात्यातून कंपनीचं सगळंच उघडतं.

मी त्यांचा जुना नंबर लावून पाहिला. बंद. पुन्हा त्याच अनोळखी नंबरवरून फोन आला. व्हिडिओवर या म्हटलं, तर कॅमेरा खराब. मग सर, उद्या टेबलाशी या, असं मी कसंबसं म्हणाले.

तिकडून उत्तर आलं, “साळवीजी, कल से आने की ज़रूरत नहीं.”

घरी यांना सांगितलं. यांनी ताट बाजूला सारलं. “आवाज ओळखलास ना? मग बदलून टाकायचा होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरासाहेब वेळेवर आले, आपल्या नेहमीच्याच फोनवर ‘कल शाम तो मैं फ्लाइट में था’ असं कुणाला तरी सांगत माझ्या टेबलाजवळून गेले, आणि जाता जाता हात हलवून “नमस्ते, साळवीजी” म्हणाले.