बोलण्याची बंदी असताना भेटलेल्या वत्सलाबाई

वत्सलाबाईंची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांना बोलायची बंदी होती. त्यामुळे त्यांचा आवाज कसा आहे हे कळायच्या कितीतरी आधी त्यांचा स्वभाव मला कळला. आज त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्या अध्यापनावर इतर विद्यार्थिनी लिहितीलच. मी त्याआधीचे सांगते, कारण ते पाहणारी आता बहुधा मीच उरले आहे.

लढाईचे दिवस होते. माझे वडील पलटणीबरोबर दूर देशी होते आणि मला क्षय झाला होता. चुलत्यांनी मला पलूसहून आणून मिरजेजवळच्या रुग्णालयात ठेवले. "पोरी, गप पडून ऱ्हा. सुगी झाली की येतो आमी," असे म्हणून ते वळले, ते मागे न पाहता गेले. सोळा वर्षांची होते मी. त्या लांबलचक ओसरीवर ओळीने खाटा होत्या, समोर बाभळी होत्या, आणि दिवसभर करायचे काहीच नव्हते.

शेजारच्या खाटेवर बाई होत्या. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवत. रोग घशापर्यंत गेल्याने डॉक्टरांनी त्यांना कुजबुजायलाही मनाई केली होती. मला बंदी नव्हती, पण तोंड उघडले की खोकल्याची उबळ येई. एका दुपारी त्यांनी माझ्याकडे पाहून तीन बोटे वर केली आणि हवेत 'सी' आणि 'टी' ही अक्षरे काढली. मी गोंधळले. मग त्यांनीच सावकाश 'कॅट'चे स्पेलिंग हवेत गिरवले. तीन अक्षरांचा शब्द, त्यात ही दोन अक्षरे हवीत, असा तो खेळ होता.

दुसऱ्या दिवशी पाच बोटे वर झाली. अक्षरे 'आर' आणि 'एन'. वडील रजेवर आले असता त्यांनी मला मुळाक्षरे आणि थोडी स्पेलिंगे शिकवली होती. त्यांच्या लोखंडी पेटीवर खडूने लिहून दिलेला शब्द मला आठवला. 'ट्रंक'. मी तो हवेत काढला तेव्हा बाई इतक्या हसल्या की सिस्टर धावत आल्या. त्या दिवसापासून माझे इंग्रजी सुरू झाले. चूक झाली तर बाई मान हलवत नसत. शब्द पुन्हा काढायला लावत आणि चूक माझी मला सापडेपर्यंत वाट पाहत. पुढे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकीला ही वाट पाहण्याची त्यांची पद्धत ठाऊक आहे.

सुगी झाली. चुलते आले नाहीत. बाईंकडे मात्र एकदा त्यांचे धाकटे बंधू आले. खाटेपासून जरा लांब उभे राहून त्यांनी मान खाली घालून सांगितले, "ताई, भाऊजींनी दुसरं लग्न केलं. साताऱ्याच्या घरातलं तुझं सामान आमच्याकडे आणून ठेवलंय."



"काहीतरी बोल ना गं ताई," ते रडवेले होऊन म्हणाले. बाईंनी ओठांवर बोट ठेवले. डॉक्टरांची आज्ञा त्यांनी त्या क्षणीही मोडली नाही.

संध्याकाळी त्यांनीच मला हाताने खूण केली, की आज कोडे तू घाल. मला घरची फार आठवण येत होती. मी चार बोटे दाखवली आणि 'ओ' व 'एम' काढले. माझ्या मनात 'होम' होते. बाईंना असा शब्द एरवी लगेच सुचे. त्या दिवशी त्या बराच वेळ बाभळींकडे पाहत होत्या. मग त्यांनी हवेत 'रूम' काढला. उत्तर बरोबर होते. मी काय विचारून बसले ते माझ्या तेव्हा लक्षात आले, आणि मी तोंडावर पांघरूण ओढून घेतले.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना बोलायची परवानगी दिली. आवाज घोगरा आणि अगदी बारीक राहिला होता. पहिल्यांदा त्यांनी माझेच नाव उच्चारले. "गोदा," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "मनात म्हणत होते तेव्हा बरं वाटायचं गं. हे असं येतंय होय!"

त्या बऱ्या होऊन बाहेर पडल्या, पण शाळेने परत घेतले नाही. पालक बिचकत होते, आणि तो आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारही नव्हता. त्या सांगलीत आल्या, तर तिथे कोणी खोली देईना. शेवटी सुतारकाम करणाऱ्या एका कुटुंबातल्या अमीनाचाचींनी दिली. लोकांनी त्यांना बोल लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "आवं, माझी लेक ह्याच रोगानं गेली. आता भिऊन काय करू?" त्या खोलीत बाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात केली. आवाज पुरत नसे, म्हणून बोटे वर करीत आणि फळ्यावर दोन अक्षरे लिहीत. सांगलीतल्या कितीतरी मुली अशा इंग्रजी शिकल्या.

मी बरी होऊन पलूसला गेले, तर माझी ताटवाटी वेगळी ठेवलेली. बोलणारे कोणी नाही. हे बाईंना कळले आणि त्या स्वतः आल्या. चुलते म्हणाले, "हिच्याशी लगीन कोन करणार, बाई? आमी काय करावं?" बाई त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही काही करू नका. मला द्या तिला." वडील परत आले तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. पुढे मीही शिक्षिका झाले, संसार झाला. बाई मात्र एकट्याच राहिल्या.

आता त्या सांगलीतच विश्रामबाग भागात एकट्या राहतात. "माझ्याकडे या राहायला," असे मी त्यांना अनेकदा म्हटले. "नको गं," त्या म्हणतात, "तुझ्या घरात मी पाहुणी होईन. इथं निदान घरची आहे." पण मी निघाले की त्या फाटकापर्यंत येतात, आणि काहीतरी आठवल्यासारखे करून मला आणखी थोडा वेळ थांबवतात. आठवलेले फारसे काही नसते.

पंचाहत्तरीच्या या सत्काराचे ठरवायला आम्ही विद्यार्थिनी गेलो तेव्हा त्यांची प्रकृती पाहून कार्यक्रम आटोपशीर ठेवू, लवकर घरी सोडू, असे आम्ही सांगितले. शाल नको, हार नको, असे त्या म्हणतील अशी आमची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "शाल द्या, हार द्या, भाषणं हवी तेवढी करा. पण सगळे मला नेहमी लवकर घरी पोचवतात. त्या दिवशी जरा उशिरा सोडाल का?"

बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आणि आम्हा साऱ्याजणींना एवढी बुद्धी होवो, की त्यांना घरी पोचवायची आम्ही कधीच घाई करू नये.