खडूचं घड्याळ

शाळेचं गेट बंद! पोरीच्या ॲडमिशनचा फॉर्म हातात, आज शेवटचा दिवस आणि बारा वाजून दहा मिनिटं झालेली. मेसेजमध्ये 'बाय ट्वेल्व' होतं. मला वाटलं, बाराच्या सुमारास. ठाकुर्ली स्टेशनवरून धावत आलेली मी, रडायलाच लागले.

वॉचमनकाका स्टुलावरून उठले, हातातला खडू कानावर खोचला. "अहो ताई, बाय म्हणजे बाराच्या आत! सगळे इथंच चुकतात, म्हणून मी भिंतीवर खडूनं घड्याळ काढतो, बाराच्या पुढं फुली मारून ठेवतो. काल फॉर्म न्यायला आलात तेव्हा बघितलं नाय?"

बघितलेलं. पण म्हटलं, आठवी शिकलेय मी, मला कशाला चित्र!

काकांनी हळूच येणाऱ्यांची वही पुढे केली. "आल्याची वेळ अकरा पन्नास लिहा. फॉर्म मी आत देतो."

हे उघड झालं तर काकांची नोकरी जाणार. पेन माझ्या हातात. तुम्ही काय लिहिलं असतं?